गढूळ पाण्याची नोंद

नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात जिन्याच्या भिंतीवर एक पुसट तपकिरी रेघ होती. आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला ती दाखवण्यात येई. चहा होण्याआधी आई त्यांना जिन्यापाशी नेई आणि हात उंच करून म्हणे, "इथपर्यंत आलं होतं बरं का पाणी!" मग पाहुण्यांनी "अरे बापरे" म्हणायचे, हा आमच्या घरचा रिवाज. पुढे वाडा पडला, त्या जागी पाच मजली इमारत उभी राहिली आणि रेघ गेली. पाणी होते १२ जुलै १९६१ चे. मी त्या वेळी नऊ वर्षांचा होतो.

त्या सकाळची मला आठवते ती आमच्या दूधवाल्याची हाक. "आई, पानशेत फुटलं म्हणतात!" एवढे ओरडून तो माप न घालताच पळाला. वडील दाढी करीत होते. त्यांनी अर्ध्या फेसाळ चेहऱ्याने सांगितले, "काहीतरी अफवा असेल. खरं असतं तर कोणी रीतसर कळवलं नसतं का?" रीतसर कळवण्यावर वडिलांचा फार विश्वास. आईचा तेवढा नव्हता. तिने देव्हाऱ्यातले देव पिशवीत घातले, दागिन्यांचा डबा पोटाशी घेतला, मला आणि धाकटीला पुढे घातले आणि पर्वतीचा रस्ता धरला. वडील तासाभराने आले. गालावरचा साबण तसाच वाळलेला होता.

सकाळी पानशेत गेले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातले दगडी धरणही गेले. पुण्याला पिण्याचे पाणी त्याच खडकवासल्यातून यायचे. त्यामुळे आधी गाव पाण्यात बुडाले आणि मागाहून प्यायला पाणी मिळेना, असा विचित्र प्रकार झाला. घरी परतलो तेव्हा खोलीत गुडघाभर चिखल होता आणि वडिलांची पुस्तके त्यात भिजलेल्या पावांसारखी फुगली होती. धरणे बांधणाऱ्या खात्यात मी पुढे नोकरी धरली, त्याचे मूळ या चिखलात आहे असे मी लोकांना सांगतो. खरे सांगायचे तर १९७५ साली जी पहिली नेमणूक हाती आली ती मी घेतली. पण पानशेतचे काय झाले होते हे मी खात्यात गेल्यावर झपाटल्यासारखा वाचीत सुटलो, हे मात्र खोटे नाही.

पानशेतचे धरण मातीचे, अंबी नदीवरचे. १९६१ च्या पावसाळ्यात ते पुरते झालेले नव्हते. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्याचा जो मार्ग असतो, त्याला आम्ही विमोचक म्हणतो. त्याचे दरवाजे वरखाली करण्याची यंत्रणा बसायची होती. दरवाजे अर्धवट उघडे टांगलेले आणि वर पाणी चढत चाललेले. त्या नळातून पाणी हिसके देत वाहू लागले, नळावरचा बांध खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचीत होते. त्यांनी धरण रात्रभर तोलून धरले, म्हणून ते फुटले ते उजाडल्यावर. लोक झोपेत असते तर काय झाले असते, याचा विचार पुण्यातल्या माझ्या पिढीच्या माणसाने निदान एकदा तरी केलेला असतो.

पण मला झोंबे ती गोष्ट निराळीच. धरण अपुरे आहे, दरवाजे चालत नाहीत, पाऊस जोराचा आहे, ही माहिती कोणापासूनही लपलेली नव्हती. प्रत्येकाच्या जवळ तिचा एकेक तुकडा होता. ते तुकडे एकत्र मांडून "आता काय काय होऊ शकते आणि झाले तर खाली कोण राहते" एवढा प्रश्न वेळेवर विचारण्याची कोणाला सवय नव्हती. या सवयीला आता सरकारी भाषेत 'जोखीम व्यवस्थापन' म्हणतात. मी नोकरीला लागलो तेव्हा हा शब्द नव्हता. आमच्याकडे जोखीम म्हणजे अंगावरचे सोने. "एस्टीने येते आहेस, जोखीम जपून आण" असे आजी माझ्या आईला लिही, ती जोखीम.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो. ती इतकी वर्षे मी घरात सोडून कुठे सांगितली नाही.

१९८४ चा पावसाळा. मी उपअभियंता होतो आणि एका मातीच्या धरणाची देखभाल माझ्याकडे होती. धरणाचे नाव सांगत नाही. सांगितले तर खालच्या गावातले लोक आता, इतक्या वर्षांनी, उगाच घाबरतील. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतच असते. तो दोष नव्हे, मडकेही पाझरते. पायथ्याच्या चरीत ते पाणी गोळा करून एका खाचेतून सोडतात आणि खाचेवरची पाण्याची उंची मोजून पाझर किती ते काढतात. आकडा महत्त्वाचा आहेच, पण त्याहून महत्त्वाचा पाण्याचा रंग. पाझर निवळशंख असेल तर धरण नुसते घामेजले आहे. पाझर गढूळ झाला तर ते पाणी बरोबर धरणाची माती घेऊन येत आहे, म्हणजे पोटात कुठेतरी भोक पडत चालले आहे. आणि भोक पडू लागले की वेळ फार थोडा असतो. अमेरिकेतले टेटन धरण ५ जून १९७६ रोजी असेच गेले. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास गढूळ पाणी दिसले आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटले. भोक बुजवायला पाठवलेले बुलडोझर भोकानेच गिळले. अकरा माणसे गेली.

आमचा चौकीदार चौथी शिकलेला होता. टेटनचे नाव त्याने ऐकले असण्याचा संभव नाही. एके संध्याकाळी तो माझ्या बिऱ्हाडी पितळी फुलपात्रातून चरीतले पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, हे बघा. काल असं नव्हतं." मी पाहिले. पाण्याला बिनदुधाच्या चहाचा रंग होता.

मी पाहणीच्या वहीत लिहिले : पाझर वाढलेला, पाणी गढूळ. आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन आमच्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हा गढूळ शब्द काढा," ते म्हणाले. "तुम्ही गढूळ लिहिलंत की वरून विचारणार, मग काय केलंत? करायला पैसे कुठायत? मंजुरी यायला मार्च उजाडेल. आणि तोवर काही झालं तर कागदावर माहीत होतं कोणाला? तुम्हाला आणि मला." साहेब वाईट माणूस नव्हते हो. पूर्वी एकदा मंजुरीवाचून दुरुस्ती केली म्हणून त्यांची वेतनवाढ रोखली गेली होती, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होते. मी त्यांच्यासमोरच ते पान काढून नवे लावले आणि लिहिले : पाझर नेहमीप्रमाणे.

हे दोन शब्द लिहायला मला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसेल.

कागदावरून गढूळ पाणी गेले. चरीतून ते जाईना. त्या रात्री मी धरणावरच थांबलो. चौकीदाराने कुठून तरी काचेच्या बरण्या आणल्या. दर तासाला एक बरणी भरायची आणि कंदिलापाशी ओळीने ठेवायची, असे त्यानेच सुचवले. बरणी तासभर स्थिर राहिली की तळाशी मातीचा थर बसे. पहिल्या रात्री तो नखाएवढा होता. दुसऱ्या रात्री दोनच्या बरणीत तो बोटाच्या एका पेराएवढा झाला. खाली गावात त्या दिवशी नारळी पौर्णिमेची जेवणे होऊन लोक निजलेले. वरून त्यांचे दोन-तीन दिवे दिसत होते. मला वडिलांच्या गालावरचा वाळलेला साबण आठवला. मी जीप काढली आणि साहेबांना उठवायला गेलो.

साहेबांनी बरण्यांविषयी एवढेच विचारले, "किती पेर?" आणि कपडे चढवले. पहाटे चार वाजता जवळच्या रस्त्याच्या कामावरची वाळू आणि खडी आम्ही ट्रकांत भरीत होतो. साहेब स्वतः घमेले उचलीत होते. गढूळ पाझराचे तोंड कधी बुजवायचे नसते. बुजवले तर पाणी दुसरी वाट फोडते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी आणि वर दगड असे थर द्यायचे. म्हणजे पाणी जाते पण माती अडते. याला उलटी गाळणी म्हणतात. बरोबरच विमोचक उघडून तलावाची पातळी उतरवायला सुरुवात केली. गावच्या पाटलांना आम्ही जाऊन सांगितले, की पोराबाळांना दोन दिवस वरच्या आळीला ठेवा. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकीदाराने बरणी उंच धरली. तिच्यातून पलीकडचा डोंगर दिसत होता.

खरी मौज पुढे आहे. वर्षभराने हिशेबतपासनीसांचा आक्षेप आला. रस्त्याच्या कामाची वाळू-खडी धरणावर कोणत्या मंजुरीने वापरली? आम्ही कळवले, आणीबाणी होती. उलट टपाली प्रश्न आला, की त्या आठवड्याच्या पाहणीच्या वहीत 'पाझर नेहमीप्रमाणे' अशी नोंद आहे, तर मग आणीबाणी कशाची? खाली माझीच सही होती. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. आक्षेप सहा वर्षे चालला आणि साहेब निवृत्त झाले तरी त्यांच्या निवृत्तिवेतनामागे हिंडत राहिला.

पुढे २००४ साली आम्हा काही अभियंत्यांना एका शिबिराला बोलावले आणि तिथे एका तरुण प्राध्यापकांनी फळ्यावर चौकटी आखून जोखीम व्यवस्थापन शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मागच्या बाकावर बसून हसणाऱ्यांत मी नव्हतो. पद्धत साधी होती. काय काय बिघडू शकते त्याची यादी करायची. प्रत्येकापुढे ते घडण्याचा संभव किती याला एक ते पाच गुण, आणि घडले तर नुकसान किती याला एक ते पाच गुण. दोहोंचा गुणाकार म्हणजे जोखीम. जिथे गुणाकार मोठा तिथे आधी पैसा आणि माणसे. आपल्या घरची गृहिणी हे चौकटीवाचून करते. पावसाळा आला की ती काडेपेटी कोरड्या डब्यात ठेवते, पण गच्चीवरच्या कुंड्यांची काळजी करीत बसत नाही.

मी हात वर केला. "दरवाजाच्या साखळीला वंगण नसणे हे नेहमी घडते, नुकसान थोडे, म्हणजे पाच एके पाच. धरण फुटणे कधी काळी घडते, नुकसान अपार. म्हणजे एक पंचे पाच. दोन्ही सारखीच का हो?" प्राध्यापक खूष झाले. म्हणाले, "म्हणूनच गुणाकाराआधी नुकसानीचा रकाना वाचायचा. जिथे पाच आहेत तिथे गुणाकाराकडे बघायचंच नाही." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. धरणाचा धोका धरणाच्या आकारावर नसतो, खाली कोण राहते यावर असतो. रानात असलेल्या मोठ्या धरणापेक्षा शाळेच्या वर असलेला लहान तलाव अधिक जोखमीचा. आणि खाली वस्ती वाढली, की धरणाचा एक दगडही न हलता त्याची जोखीम वाढते. आमच्या पुण्यात नदीकाठी निळी पूररेषा आणि लाल पूररेषा आखलेल्या आहेत. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. त्या रेषांच्या आत कोणकोण राहायला गेले आहे हे वाचकांनी एखाद्या संध्याकाळी फिरायला जाऊन पाहावे.

पुढे पुढे सगळीकडेच हे वारे आले. २००९ साली जोखीम व्यवस्थापनाचे ३१००० या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. कागद आले, रकाने आले. आणि सरकारी कचेरीत नवा रकाना आला की त्याच्यावरचा जुना उतारा तयारच असतो. तो उतारा म्हणजे 'निरंक' हा शब्द. भेगा : निरंक. खचणे : निरंक. उंदीर-घुशींची बिळे : निरंक. एका पावसाळ्याआधी माझ्याकडे चौदा धरणांचे तक्ते आले आणि चौदाही आरपार निरंक. जगात इतकी निर्दोष धरणे कुठेही नसतील. मी त्यांत माझे 'पाझर नेहमीप्रमाणे' चौदा वेळा वाचले.

त्या वेळचे आमचे अधीक्षक अभियंता मोठे कल्पक गृहस्थ. त्यांनी ना कोणाला दम दिला, ना परिपत्रक काढले. एवढेच तोंडी कळवले, की ज्या धरणाच्या तक्त्यात सगळे निरंक असेल ते इतके चांगले धरण मी स्वतः पायी हिंडून पाहणार, आणि ज्या तक्त्यात दोष असतील तिथे मी दुरुस्तीचे अंदाजपत्रक घेऊन बसणार. पंधरा दिवसांत चौदापैकी अकरा तक्ते बदलून आले. बिळे निघाली, भेगा निघाल्या. एका ठिकाणी तर आणीबाणीसाठी ठेवलेल्या डिझेल जनित्राच्या खोलीची किल्ली गेली दोन वर्षे हरवलेली निघाली. दोष लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, हे एकदा लोकांना पटले की माहिती आपोआप वर येते. पटवायला मात्र अकरा खेपा पायी हिंडावे लागते, आणि तसे साहेब प्रत्येक मंडळाला लाभत नाहीत.

दुसरी करमणूक टेलिफोनच्या यादीची. धरणाला धोका दिसला तर कोणी कोणाला कळवायचे याची एक योजना करून ठेवतात. वडिलांचे ते 'रीतसर कळवणे' हेच. मी एका रात्री अकरा वाजता बसून आमच्या यादीतले सारे क्रमांक फिरवून पाहिले. बावीसपैकी नऊ लागले. दोन अधिकारी बदलून गेले होते, एक वारले होते, आणि तहसील कचेरीचा म्हणून दिलेला क्रमांक एका मिठाईच्या दुकानाचा निघाला. त्या सद्गृहस्थांनी झोपेतून उठून सारे ऐकून घेतले आणि "धरण कुठलं? आमचं दुकान त्याच्या खाली येतं का?" असे विचारले. साऱ्या यादीत तेवढा एकच प्रश्न मुद्द्याचा होता.

हसण्यासारखे आहे, पण ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मोरवीच्या वरचे मच्छू धरण फुटले तेव्हा काय झाले? धरण बांधताना जेवढा पूर धरला होता त्याच्या दुपटीहून अधिक पाणी आले, काही दरवाजे अडकले, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले, आणि खालच्या गावाला ते कळवणार कसे, तर संपर्काची साधने वादळी पावसाने आधीच तोडली होती. हजारो माणसे गेली. त्याच सुमारास केंद्रात आणि नाशिकला आपल्या राज्यात धरणांच्या सुरक्षिततेसाठी वेगळ्या संघटना निघाल्या. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशा दोन तपासण्यांची शिस्त लागली. देशात सर्वांत अधिक मोठी धरणे आपल्याच राज्यात आहेत, दोन हजारांहून जास्त. तेव्हा हे काम लहान नाही. तरी २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. ते गळते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती, असे वर्तमानपत्रांत आले. नंतर एका मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला. खेकडे बिळे करतात हे खरे आहे. पण म्हणूनच तर तपासणीच्या तक्त्यात बिळांचा रकाना असतो.

२०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. धरणाच्या मालकाने, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मालक म्हणजे सरकारच, सुरक्षितता पथक ठेवले पाहिजे, दोन्ही तपासण्या केल्या पाहिजेत, जोखमीचे मूल्यमापन केले पाहिजे, आणीबाणीची योजना तयार ठेवली पाहिजे, हे सारे आता कायद्याने बंधनकारक आहे. कसूर झाली तर शिक्षा आहे. शिक्षेची मला थोडी धास्ती वाटते. शिक्षेच्या भीतीनेच तर मी पान बदलले होते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्या जुन्या धरणावर जाऊन आलो. सौ. बरोबर होती, बरण्यांची गोष्ट तिने इतक्या वेळा ऐकली आहे की तिला जागा पाहायची होती. आमची उलटी गाळणी गवताखाली अजून आहे. चौकीदार दहा वर्षांपूर्वी वारला. तिथे आता एक तरुण मुलगी अभियंता म्हणून आहे. माझी ओळख सांगितल्यावर तिने काका म्हणून खुर्ची दिली आणि वही दाखवली. ऑगस्टमधल्या एका दिवशी तिने लिहिले होते : 'पाझर वाढला. पाणी किंचित गढूळ. छायाचित्र वर पाठवले. दर तासाला नमुना काढला. रात्री नऊनंतर निवळ.' नमुन्यांचे सोळा आकडे खाली ओळीने मांडलेले होते. मी ते पान दोनदा वाचले. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि ती उगाच बाहेर पाणी बघायला गेली.

"रात्रभर नमुने कोणी काढले?" मी विचारले.

"मीच, काका. चौकीदाराच्या दोन्ही जागा रिकाम्या आहेत ना."

"त्या कधी भरणार?"

ती हसली. म्हणाली, "तो रकाना या वहीत नाही."